पुढचं डावं चाक

रखमाजी शेठच्या परदेशी गाडीत स्टिअरिंगच्या मागे एक छोटा पडदा होता आणि त्या पडद्यावर गाडीचंच चित्र. दोन हजार आठ सालचा कार्तिक लागला आणि त्या चित्रातलं पुढचं डावं चाक पिवळं झालं. त्यात हवा कमी आहे, असं पडद्याचं म्हणणं. ड्रायव्हर कुशाबाने खाली उतरून चाकाला लाथ मारून पाहिलं. चाक दगडासारखं टणक!

पंचवीस वर्षं नारायणगाव-जुन्नर माणसं कोंबून वडाप जीप चालवलेला माणूस. जीपला असला पडदा कुठला? लाथ मारायची, आवाज ऐकायचा, निघायचं. ही गाडी तर तो देवासारखी जपत होता. खंडेनवमीला त्याने चारही चाकं काढून आतून-बाहेरून धुतली होती, ओळीने मांडून हळदकुंकू वाहिलं होतं, आणि पूजा झाल्यावर पुन्हा नीट आवळून बसवली होती. मग आता हे काय? सहा दिवसांत तो चार वेळा रुपेशच्या टायरच्या दुकानात गेला. रुपेशने दर वेळी मीटर लावला आणि दर वेळी म्हणाला, "फुल्ल हाये, कुशाभाऊ." तरी मनाच्या समाधानाला थोडी हवा भरायचीच. पिवळं काही जाईना. गाडी मात्र मागून हलकीशी डुलल्यासारखी वाटायची. आता डोळ्यांवर विश्वास ठेवावा की पडद्यावर? कुशाबाची मती गुंग झाली.

अशात आहुप्याला सप्ताह होता आणि शेवटच्या दिवशी बुवांचं काल्याचं कीर्तन. रखमाजीची आई प्रयागबाई अकरा वर्षं बुवांचं काल्याचं कीर्तन चुकवत नव्हती. गुडघे वाकेनात, जीपमध्ये चढणं जमेना. ही बुटकी गाडी होती म्हणूनच यंदा जाणं शक्य होतं. शेठने आदल्या दिवशी बजावलं, "नारायणगावात दिवा विझला तर पुढं जा. न्हाई विझला तर तिथनंच माघारी. घाटात माझी आय बसलेली आसंल, ध्यानात ठेव."

म्हणून सकाळी सात वाजता गाडी रुपेशच्या दारात उभी. पुढे प्रयागबाई, मांडीवर काल्यासाठी लाह्यांची पिशवी. मागे राजुरीचे जुने टाळकरी गेणभाऊ, फडक्यात टाळ बांधून, तोंड बांधल्यासारखे गप्प.

रुपेशने मीटर लावला. "अडतीस. भाऊ, आता आणखी भरली तर चाक न्हाई, फुगा व्हईल."

"मंग हे पिवळं का?"

"चाकाच्या पोटात, हवा भरायच्या वॉलच्या बुडाशी एक डबी असती. ती आतली हवा मोजून पडद्याला कळवती. ती बिघडली आसंल. बाकीची तीन बघू का?"

"ती कशाला? त्यांचं काय म्हणणंच न्हाई." कुशाबाने खिशातून विठोबाचा स्टिकर काढला. "काकी, ह्यो हितं लावतो. दिवा झाकंल, आपुन निघू. मशीनच खोटं बोलतंय."

प्रयागबाईने त्याच्या हातावर चापट मारली. "देवाला तुज्या लबाडीवर पांघरूण घालायला बसवतो व्हय रं? ठेव त्यो खिशात!"

कुशाबा ओशाळला. साडेसात वाजत आले होते, कीर्तन दहाला. म्हातारी घड्याळाकडे बघत नव्हती, लाह्यांच्या पिशवीची गाठ पुन्हा पुन्हा सोडून बांधत होती. शेवटी मागे वळून म्हणाली, "गेणभाऊ, निदान तुमी तरी तोंड उघडा."

"काय उघडू? मी आज ऐकणार. टाळ सवयीनं आणलेत, वाजवायचे न्हाईत."

"राजुरीच्या कीर्तनातलं आजून डोक्यात हाये का?"

"भर मंडपात बुवा म्हणले, 'गेणभाऊ, ठेका सांभाळा.' आन् मी तर..." गेणभाऊ थांबले. "जाऊ द्या."

"पर मला एक उमगंना," प्रयागबाई म्हणाली. "बुवांची पाठ टाळकऱ्यांकडं. डाव्या कडंनं टाळ चुकला की ते न बघताच तुमचं नाव घेणार, कारण तिथं न्हेमी तुमी. पर त्या दिवशी तुमी कर्ण्याच्या आवाजापायी उजवीकडं गेला व्हता. मी समोरच बसलेले. मंग डावीकडनं चुकलं कोण?"

कुशाबाचे कान तापले. डावीकडे टाळ घेऊन तोच उभा होता. चुकला होता तोच. आणि नाव गेणभाऊंचं आलं तेव्हा तो खाली मान घालून, नंतरचा ठेका अगदी चोख वाजवत राहिला होता.

बुवांनी माणूस पाहिला नव्हता. जागा ओळखली होती. पडद्याला तरी चाक कुठे दिसतं? ओळीने मांडलेली, हळदकुंकवाची ती चार चाकं कुशाबाच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. कुठलं कुठून काढलं आणि कुठे बसवलं?

"रुपेश! बाकीची तिन्ही बघ रं!"

पुढचं उजवं ठीक. मागचं डावं ठीक. मागच्या उजव्याला मीटर लावताच रुपेशने शीळ घातली. "एकोणीस! भाऊ, ह्याच्यावर घाट चढणार व्हता?" चाक फिरवून त्याने चिमट्याने बोटाच्या पेराएवढा तारेचा तुकडा ओढून काढला. शेठच्याच द्राक्षमांडवाची तार. भोक बुजवलं, हवा भरली, आणि त्या गरीब पुढच्या डाव्यातली जास्तीची सोडून दिली.

"चाकांची अदलाबदल झालीये. पुढच्या डाव्याची डबी हितं आली, आन् पडदा आजून जुनीच जागा दावतोय. बाकीची कुठली कुठं बसवलीत?" रुपेशने विचारलं.

"ते मलाबी ठावं न्हाई," कुशाबा म्हणाला.

गाडी थोडी पळाली आणि नारायणगावची हद्द संपायच्या आतच पिवळं गेलं. "विझला गं बाय!" म्हणत प्रयागबाईने पडद्यालाच हात जोडले. कुशाबाला मात्र हलकं वाटेना. घोडेगाव गेलं, डिंभ्याचं पाणी दिसायला लागलं, तेव्हा त्याने गाडी कडेला घेतली.

"आता काय झालं?" म्हातारी दचकली.

"गेणभाऊ, त्या दिवशी चुकलो ते मी. डावीकडं मी व्हतो."

प्रयागबाईने मान वळवून गेणभाऊंकडे पाहिलं.

"आरं मर्दा," गेणभाऊ हळूच म्हणाले, "आठ दिस मी घरात मांडीवर ठेका मोजत बसलोय. बायकू म्हणली, येड लागलं. आपलं कुठं चुकतंय तेच घावंना! चुकत नव्हतं तर घावंल कसं?"

"आज कीर्तन सुरू व्हायच्या आधी बुवांना सांगतो."

"सांगंलच तो," प्रयागबाई म्हणाली. "आन् निघा आता, काला माझ्याबिगर वाटतील."

गाडी घाटाला लागली. आरशात कुशाबाला दिसलं, की गेणभाऊंनी फडक्याची गाठ सोडली होती आणि एक टाळ धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला होता.

"मी वाजवीन," ते म्हणाले. "पर तू आज कुठं उभा ऱ्हाणार, ते मला आधी सांग."