पितरांची झोळी

ब्याऐंशी सालच्या पितृपक्षात मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी जी झुंबड उडाली, ती विचारू नका. अंधार पडला की कॉलनीच्या मैदानात माणसं सतरंज्या घेऊन हजर. पतंगबाबा नावाचे एक साधू कुणा एकाच्या मांडीवर आपली भगवी झोळी ठेवत, डोळे मिटत, आणि थोड्या वेळाने डोंगराकडून हिरवट-पांढरं, लांब शेपटीचं, तळहाताएवढं पाखरू तरंगत येऊन थेट झोळीवर बसे. बायका पदराने डोळे पुसत.

"मुंबईचा कावळा वडापाव खाऊन बाटला," बाबा सांगत. "म्हणून पितर आता या रूपाने येतात." पुढ्यातली खीर पाखरं चाखतसुद्धा नसत. "वासानेच तृप्त झाले," म्हणत बाबा ती स्वतः ओरपत.

मृणालिनी शाळेत जीवशास्त्र शिकवायची. तिला हसूच आलं असतं, पण परवा पाखरू तिच्या सासूबाईंच्या, वनमालाबाईंच्या मांडीवर बसलं होतं. "तुमचा जयवंत आलाय," बाबा म्हणाले. "बायको नोकरी करते म्हणून तळमळतोय. तिला आमच्या मठात सेवेला पाठवा." वर्षापूर्वीच मुलगा गेलेली बाई ती. तिने अन्नपाणी सोडलं आणि एकच धोशा लावला, राजीनामा दे.

आज बाबांनी झोळी पुन्हा वनमालाबाईंच्या मांडीवर ठेवली आणि डोळे मिटले. मृणालिनीने ती सरळ उचलली आणि मैदानाच्या टोकाला, कॉलनीतल्याच धोंडिरामच्या स्कूटरला अडकवली.

"अगं, पाप लागेल," बाबा किंचाळले.

"लागू दे. जयवंत आईला ओळखतो ना? मग येईल की आईकडे."

पाखरं आली. आधी एक, मग चारपाच. वनमालाबाईंच्या डोक्यावरून गेली आणि स्कूटरवर जाऊन बसली.

धोंडिराम चक्रावला. शेजारच्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "माझो बापूस तर हय बसलो हा. मगे हे कोण इले?" सगळं मैदान खदाखदा हसलं.

मृणालिनीने झोळी उघडली. आत तारेचा छोटा पिंजरा, आणि त्यात तसंच एक गुबगुबीत पाखरू.

"हे रात्री उडणारे पतंग. ही मादी. अंधारात ही वास सोडते, आपल्या नाकाला त्याचा पत्ताही लागत नाही. आलेत ते सगळे नर. यांच्या पिसासारख्या मिशा बघा, वास त्यांनाच कळतो. पिढ्यान् पिढ्या ज्याची मिशी जास्त तिखट, त्याला मादी सापडली, त्याची पिल्लं झाली, मिशी पिल्लांकडे गेली. बाकीचे भटकत मेले. लाखो वर्षं अशी निवड होत होत ही मिशी घडली. आणि खीर खायला यांना धड तोंडच नाही हो."

बाबांनी खिरीचं पातेलं तिथेच टाकून काढता पाय घेतला.

वनमालाबाई मात्र हसल्या नाहीत. "म्हणजे माझा जयवंत आलाच नव्हता?"

मृणालिनी पिंजरा घेऊन त्यांच्याजवळ आली. "नाही, आई. आणि मला घरी बसवायला तो आला असता का? शाळेत अर्ज त्यानेच भरून दिला होता."

म्हातारी उठली. तिने पिंजऱ्याचं दार काढून मादीला सोडून दिलं आणि लोकांकडे वळली.

"बघताय काय? आपलं माणूस गेलं की मन हळवं होतं, कुणीही येऊन फसवतो. हात जोडायच्या आधी झोळी उघडून बघत जा. मी बघितली नाही, आणि जिवंत सुनेला छळत बसले." मग मृणालिनीचा हात धरून म्हणाली, "चल घरी. भूक लागलीये मला, आणि तुला सकाळची शाळा आहे."