रस्त्यापलीकडचं हॉस्टेल

धाकट्याला विद्यापीठात प्रवेश मिळाला, तेव्हा आईचा जीव जरासा भांड्यात पडला तो ताईमुळे. ताई तिथेच दुसऱ्या वर्षाला होती. धाकट्याला लहानपणापासून फिट यायच्या. पहिली आली तेव्हा घरात ताई एकटी होती, आणि तेव्हापासून ते सगळं तिच्याच गळ्यात पडलं होतं. फिट येणार हे तिला त्याच्याही आधी कळायचं. त्याची नजर एकदम एका बाजूला खिळायची.

ताई रेक्टरबाईंना भेटली. "आवारात दोन खोल्यांचे फ्लॅट आहेत ना, बाई? त्यातला एक मिळाला तर..."

"ते नवराबायकोसाठी गं."

"आम्ही सख्खी भावंडं आहोत."

"मला कळतंय. पण नियमात भावंडं कुटुंबात धरत नाहीत." बाई वाईट नव्हत्या. त्यांनी पाणी दिलं, बाहेर खोली बघायचंही सुचवलं. पण बाहेरच्या खोल्या दोन बस बदलून जायच्या अंतरावर, आणि बसमध्येच त्याला काही झालं तर? "त्याला मी तळमजल्यावर खोली देते," बाई म्हणाल्या. "माझ्या हातात एवढंच आहे."

मुलींचं हॉस्टेल रस्त्याच्या अलीकडे, मुलांचं पलीकडे. धाकट्याचा रूममेट अगदी काडीपैलवान, म्हणून सगळे त्याला पैलवानच म्हणत. ताईने त्याला कँटीनमध्ये बसवून सगळं शिकवलं: कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, तोंडात काही घालायचं नाही, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर ॲम्ब्युलन्स. पैलवान चहा थंड होईपर्यंत मान डोलवत राहिला.

एका दुपारी पैलवानचा फोन आला. "ताई, आलीय." ताई वर्गातून उठली ती धावतच सुटली. फाटकावर वॉचमन आडवा आला.

"मुलींना आत सोडत नाही."

"आत माझा भाऊ आहे. फिट आलीय त्याला!"

"इथे येणारी प्रत्येक मुलगी भाऊच सांगते, ताई." पण तिचा चेहरा बघून तो वरमला. "मी जाऊन बघतो. तुम्ही मात्र आत येऊ नका, माझी नोकरी जाईल."

खोलीची खिडकी फाटकातून दिसत होती. पडदा ओढलेला. ताईने फोन लावला. "कुशीवर वळवलंस का?"

"वळवलंय. फोन ठेवा ताई, हात मोकळे हवेत."

मग काहीच नाही. पडदा हलतसुद्धा नव्हता. ताईने फाटकाचे गज धरले, सोडले, पुन्हा धरले. आजवर प्रत्येक वेळी त्याचं डोकं तिच्या मांडीवर असायचं. आता हातांचं काय करायचं, तेच तिला सुचेना.

बऱ्याच वेळाने धाकटा पैलवानच्या खांद्यावर हात टाकून बाहेर आला. ओठ चावला गेला होता. ताईला बघताच त्याचं तोंड उतरलं.

"हिला कुणी बोलावलं?"

"बघू दे कुठे लागलंय." तिने हात पुढे केला. त्याने तो हळूच बाजूला केला.

"ताई, सगळी बघतायत. आईला सांगू नकोस."

"लपवून कसं चालेल रे?"

"मग सांग. ती उद्या येऊन मला घेऊन जाईल. चालेल तुला?"

तो पैलवानकडे वळून, तिच्यादेखतच म्हणाला, "यापुढे हिला फोन करायचा नाही. तुला माझी शपथ."

तिने आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याचं शिक्षण संपलं असतं. आणि उद्या काही बरंवाईट झालं, तर आई तिला कधी माफ करणार नव्हती. पुढे पैलवान भेटला की ती विचारायची. तो नजर चुकवायचा. "मला काही विचारू नका ना, ताई."

मेस मात्र मुलामुलींची एकच होती. एका सकाळी धाकटा मित्रांच्या घोळक्यात बसलेला दिसला. हनुवटीवर नवी पट्टी होती. कुणीतरी काहीतरी बोललं, सगळे खदखदून हसले, तोही हसला. ताईला बघून त्याने लांबूनच हात केला.

तिनेही हात केला, आणि भरलेलं ताट घेऊन तशीच उभी राहिली.