पिवळीची बांग

"कोण आरवलं?" मेथीच्या वाफ्याला पाणी देता देता कोंडाजीनं मान वर केली.

दिवस मावळत होता. इंदिरानगरच्या पलीकडे, नव्या इमारतींच्या मधोमध कसाबसा तग धरून राहिलेल्या त्याच्या मळ्यात आरवायला कोणी उरलंच नव्हतं. त्याचा असील कोंबडा, भैरू, गेल्याच आठवड्यात मुंगसानं मारला होता. आणि ही बांग तर भैरूचीच होती, शेवटी ठसका लागल्यासारखी तुटणारी.

खुराड्यापाशी नवसाबाई तोंडाला पदर लावून उभी होती. "पिवळी आरवली," ती नवऱ्याला म्हणाली. "अंड्यांवर बसल्या बसल्या. म्या डोळ्यांनी पाह्यलं."

कुंपणापलीकडची अक्काबाई लगबगीनं आली. "कोंबडी आरवली का लगेच मान मुरगाळायची, नवसा. घरच्या धन्याला वर बोलावती ती."

असीलची जात शुद्ध राखण्यात कोंडाजीनं उभा जन्म घातला होता. लांब मान, दणकट पाय, मोत्यासारखा पांढुरका डोळा; ज्याच्यात खोट दिसेल ते पिल्लू तो वंशाला ठेवत नसे. मनमाडहून माणसं पिल्लं मागायला यायची, पण झुंजीवाला दिसला की हा लांबूनच हात जोडायचा. पोरांपेक्षा कोंबड्यांच्या सोयरिकी हा जास्त पारखून करतो, असं लोक हसून म्हणायचे. आता भैरूचा वंश म्हणजे पिवळीखालची अंडी, एवढाच. अंड्यांवर बसायला दुसरी एकही कोंबडी खुडूक नव्हती. पिवळी कापली की अंडी गार पडणार.

"उबवायचं मशीन आना ना," नवसाबाई काकुळतीला आली.

"लाईट टिकती का आपल्याकडं? एक डाव गेली का समदी अंडी वाया."

"अन तुमाला काय झालं म्हंजी?"

कोंडाजी हसला. स्वभावानं तो चेष्टेखोर, आणि बायकोची भीती घालवायची त्याला ही एकच रीत ठाऊक. डोक्यावरची टोपी काढून त्यानं तिच्या डोक्यावर ठेवली. "घे. आजपासून या घराची धनी तू. मला कशाला बोलावंल ती?"

अक्काबाई खुदकन हसली. नवसाबाई हसली नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पिवळी पुन्हा आरवली. कोंडाजी धावत गेला. खुराड्यासमोर नवसाबाई पाट टाकून बसली होती. डोक्यावर पदराऐवजी त्याची टोपी, आणि नजर कोंबडीच्या नजरेत रोवलेली.

"काय खूळ हे? आन ती टोपी."

"तुमीच दिली ना?" ती शांतपणे म्हणाली. "हितं धनी मी हाय. तिला सांगितलंय म्या तसं."

कोंडाजीची नजर वर गेली. सुरी खुराड्याच्या वाशात खोचलेली होती, हात वर केला की हाताला लागावी. पण आदल्या दिवशीच त्यानं अंडी बॅटरीच्या उजेडात धरून पाहिली होती. आत जीव हलत होता. थोडेच दिवस राहिलेत, तो मनाशी म्हणाला. हात काही वर गेला नाही.

मग रोज तेच. पिवळी आरवायची आणि नवसाबाई टोपी घालून पुढ्यात बसायची. तिचं जेवण तुटलं, बोलणं तुटलं. कोंडाजीनं तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. त्याला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षाही अंड्यांची आस मोठी होती. याचीच त्याला आतून लाज वाटे.

अंडी फुटली त्या पहाटे त्याला आनंद आवरेना. एक पिल्लू तर अगदी भैरूच्या वळणाचं, थोराड पायांचं. नवसाबाई त्याच्याआधीच येऊन खांबाला टेकून बसली होती. "बघ गं, भैरू परत आला!" पिल्लू ओंजळीत घेऊन तो तिच्यापुढे वाकला. टोपी तिच्या डोळ्यांवर उतरली होती. ती सारखी करायला त्यानं हात लावला, तर कपाळ गार लागलं.

ते पिल्लू आता ऐन भरात आलंय. मनमाडची माणसं त्याची मान पाहून तोंडात बोट घालतात. त्याची बांगही शेवटी तशीच तुटते. पिवळी मात्र त्या पहाटेनंतर एकदाही आरवली नाही.

दिवस मावळला की कोंडाजी ती टोपी घालून, पाट घेऊन खुराड्यासमोर बसतो. "पिवळे, धनी मी हाय," तो म्हणतो. "आता तरी बोलव की."

पिवळी मान वाकडी करून त्याच्याकडे बघते, आणि पुन्हा दाणे टिपायला लागते.