अंजनाचा दिवस

"जन्मला हो मारुती!" गुरवाने पाळण्याची दोरी ओढली, तशी देवळापुढे सुंठवड्यासाठी एकच झुंबड उडाली. रतनबाई मात्र मागे खांबाला टेकून उभी होती. विधवेने पुढे पुढे करू नये, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. गर्दी ओसरल्यावर तिने हात पुढे केला.

"आनिक एक चिमूट द्या, गुरवदादा. लेकीला न्यायचाय."

"अंजनाला? जत्रंचा दिस सोडून कुठं उन्हात जाती?"

"आज तिचाबी दिस हाय," रतनबाई म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून आज पहिल्यांदाच निघाले होते.

चव्वेचाळीस सालच्या याच चैत्री पौर्णिमेला इकडे मारुतीचा पाळणा हलला आणि तिकडे रतनबाईची सुटका झाली. मारुतीच्या दिवशी आली म्हणून पोरीचं नाव अंजना. सासू सरुबाई तर हरखून गेली. नात झाली तरी तिने घरोघर गूळ वाटला. लढाईवर गेलेल्या लेकाला, यमाजीला, कळवा म्हणून मास्तरांच्या मागे लागली. महिन्याभराने उलट तारच आली. ब्रह्मदेशाच्या हद्दीवर यमाजी कामी आला होता. तारेतली तारीख मास्तरांनी पंचांगाशी ताडून पाहिली आणि भला माणूस जे दिसलं ते सांगून मोकळा झाला. तोच दिवस.

"माझा ल्योक तिकडं पडत व्हता, आन मी हितं गूळ वाटीत व्हते!" म्हणत सरुबाईने भिंतीवर कपाळ आपटून घेतलं. तो गूळ म्हातारीने स्वतःला कधी माफ केला नाही. पण स्वतःवरचा राग माणूस किती दिवस जवळ बाळगणार? तो तिने पोरीच्या पदरात टाकला. पोर पांढऱ्या पायाची ठरली.

यमाजी वीर झाला म्हणून त्याचा चांदीचा टाक देव्हाऱ्यात बसला. दर चैत्री पौर्णिमेला त्याला पुरणाचा नैवेद्य दाखवायचा, हे धनगराघरी चालतंच. पण त्या दिवशी पोर त्याच्या नजरेला पडता कामा नये, ही रीत सरुबाईची. कळती झाल्यापासून अंजना त्या दिवशी उजाडायच्या आत मेंढरांमागे जाई आणि दिवेलागणीला परते. गाव सुंठवडा खाई, तिच्या फडक्यात शिळी भाकर. तिला हलवून उठवणारी रतनबाईच. सासूपुढे तोंड उघडायची तिची छाती कधी झाली नाही.

गेल्या दसऱ्याला सरुबाई वारली. माघात अंजनाचं लग्न झालं. आज पहाटे रतनबाईने वीराच्या नैवेद्याआधी लेकीच्या पोळ्या बाजूला काढल्या होत्या. आजच्या दिवशी पोरीचं तोंड उजेडात बघायचं आणि तिला गोड भरवायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

मंचरच्या अलीकडे लेकीच्या सासरच्या वस्तीवर पोचेतो ऊन डोक्यावर आलं. विहीण साळुबाई दारातच भेटली.

"या, इहीनबाई! आवं, एकल्याच? पानी घ्या आदी."

"अंजी कुठंय?"

साळुबाई घुटमळली. "मेंढरांमागं. आमी लई म्हनलं, सणाचा दिस हाय, ऱ्हा घरी. ऐकलंच न्हाई. उजडायच्या आत गेली. म्हनली, आज माझं त्वांड कुनी बघू नगा, तुमचं वाईट व्हईल. असं का वो म्हनती पोर?"

रतनबाईने तांब्या न पिताच खाली ठेवला. म्हातारी गेली, पण तिची रीत लेकीसोबत सासरी नांदायला आली होती.

ओढ्याकाठच्या बाभळीखाली अंजना बसली होती. तिने आईला लांबूनच ओळखलं. धावत येईल, गळ्यात पडेल, असं रतनबाईला वाटलं. पोर उठली, पाठ फिरवली आणि तिने पदर पार हनुवटीखाली ओढून घेतला.

"आये, आजच्या दिशी कशापाई आलीस गं?"

"तुला बघाया, बाय."

"उंद्या बघ की. उंद्या मी येती तुज्याकडं."

रतनबाईला बोलायचं होतं पुष्कळ, पण बोलायची वेळ कधीच निघून गेली होती. ती लेकीजवळ मातीत बसली. पोळ्यांचं गाठोडं बाजूला ठेवलं, आधी सुंठवड्याची पुडी सोडली आणि पदराखालून हात घालून, चाचपत चाचपत, लेकीच्या ओठाला चिमूट लावली.

अंजनाने ती खाल्ली. रतनबाईने हात बाहेर काढला, तेव्हा बोटं ओली होती.