आराखड्यातली बोट

रसिकाला ऑफिसात सगळे चिडवायचे. कोडची एक ओळ लिहायची म्हटली तरी हिला आधी भिंतभर चौकोन आणि बाण काढायचे असतात. "मॅडम आधी पत्रिका जुळवतात, मग लग्नाला उभ्या राहतात," असं अथर्व म्हणायचा, आणि रसिका ते कौतुक समजून खुशाल हसायची. तिचं काही चुकत होतं असंही नाही. घाईघाईने लिहिलेला प्रोग्रॅम पुढे कसा रडवतो, हे तिने भोगलं होतं. म्हणून उत्तनच्या मच्छीमार सोसायटीचं काम आलं तेव्हा तिने कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी सोसायटीच्या हॉलमध्ये कितीतरी संध्याकाळी काढल्या. बोट निघाली की ॲपला कळावं, परतली की कळावं, आणि ठरल्या वेळेत परतली नाही तर हॉलमधला भोंगा वाजून शोधायला माणसं निघावीत, एवढंच काम होतं.

"बोट चालवणाऱ्या प्रत्येकाकडे मोबाइल असतो ना?" तिने बैठकीत विचारलं होतं. सगळे एका सुरात हो म्हणाले. मग तिने चौकोन काढला: मोबाइल धक्क्याला लागला, म्हणजे बोट पोचली. ॲपवर हिरवा ठिपका, आणि त्या बोटीची काळजी संपली. हॉलमध्ये फोन चार्ज करायला तिने कंपनीतर्फे एक लांबलचक बोर्डही बसवून दिला. अथर्वने आराखडा बघून कोड लिहिला आणि तो पहिल्या फटक्यात चालला. रसिकाची मान ताठ झाली.

ॲप सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते, तेव्हा फ्लेव्हिया आंटीने तिला जेवायला बोलावलं. आंटीचा नवरा सेबॅस्टियन छोटी बोट चालवायचा, आणि बैठकांमध्ये रसिकाची बाजू घेऊन भांडणारा पहिला माणूस तोच होता. शहरातल्या बेव्हर्ली पार्कहून बस पकडून रसिका उत्तनला पोचली तेव्हा दुपार कलली होती. वारा भलताच सुटला होता. दारातली सुकत घातलेली मासळी आंटी भराभर टोपल्यांत भरत होती.

"अंकल कुठेत?"

"आलाय की! हे बघ." आंटीने कौतुकाने मोबाइल पुढे केला. सेबॅस्टियनच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. "दुपारीच आलाय. सोसायटीत गप्पा हाणत बसला असंल. जा गं बाय, त्याला घेऊन ये. जेवण थंड होतंय."

रसिका उतारावरून हॉलकडे निघाली. धक्क्याशी बोटी एकमेकींवर आदळत होत्या आणि पुढे समुद्र पार गढूळ झाला होता. हॉलमध्ये सोसायटीचे काशीनाथकाका एकटेच पेपर वाचत बसले होते. सेबॅस्टियन दिसेना, म्हणून तिने त्याला फोन लावला.

रिंग तिच्या पाठीमागेच वाजली.

चार्जिंगच्या बोर्डावर ओळीने फोन लावलेले होते आणि त्यातला एक थरथरत वाजत होता. पडद्यावर तिचंच नाव होतं.

"काका, हा सेबॅस्टियन अंकलचा फोन ना? ते कुठेत?"

"तो थांबलाय ना दर्यावर," काका पेपरातून मान वर न करता म्हणाले. "मासळी लागली त्याला. नाथा परत येत होता, त्याच्याकडं फोन धाडला. तिकडं आत रेंज नसते, उगाच भिजून मरतो. आमच्यात तसंच करतात. फोन घरी आला की बायको समजते, हा थांबला. नाथानं आज हितंच लावून टाकला, बोर्ड हाय ना आता."

"पण ते थांबून थांबून कधीपर्यंत थांबणार होते?"

"नाथाच्या मागनं तासाभरात यायला पायजे होता." काकांनी आता वर पाहिलं. "पण भोंगा कुठं वाजलाय तुमचा? भोंगा वाजला न्हाय म्हणजे सगळं बरोबर हाय. हो ना?"

भोंगा वाजणारच नव्हता. तिच्या चौकोनात सेबॅस्टियन केव्हाच घरी पोचला होता.

"नाही, काका," ती कशीबशी म्हणाली. "बोटी काढा. आत्ता काढा."

पेपर खाली पडला. काका नाथाला हाका मारत धक्क्याकडे धावले. रसिकाने अथर्वला फोन लावला. का लावला, तिलाही कळलं नाही.

"थांब, बघतो," तो म्हणाला. मग म्हणाला, "बग नाहीये यार. प्रोग्रॅम एकदम बरोबर चाललाय. तू काढलंयस तसाच."

तिने फोन ठेवला. सेबॅस्टियनबरोबर बोटीवर शिवा नावाचा खलाशी होता, आणि त्या बोटीवर वायरलेस नव्हता. हे तिला माहीत होतं. वायरलेस परवडत नाही म्हणून तर ॲप हवं होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की फोन घरी येण्याचा अर्थ या गावात माणूस न येणं असा होतो. तिने विचारलंच नव्हतं. फोन असतो ना, एवढं विचारलं. नसतो केव्हा, हे विचारायला तिला सुचलं नाही.

आता चढण चढून आंटीला सांगणं भाग होतं. रसिका आयुष्यात एवढी कशाला भ्यायली नव्हती. आंटी ताटं मांडत होती. रसिकाने सांगितलं, तिने ऐकलं, आणि हातातलं भांडं तसंच घेऊन ती चपला न घालता खाली धावत सुटली.

मग धक्क्यावर नुसतं उभं राहणं उरलं. नाथाची बोट आणि आणखी दोन बोटी लाटांत वर-खाली होत दिसेनाशा झाल्या. काका सारखे कुणाकुणाला फोन करत होते. रसिकाने देवाचं नाव घेतलं, पुन्हा घेतलं. आपल्याला तो हक्क आहे का, असंही तिला वाटून गेलं. आंटी हातातलं भांडं न सोडता धक्क्याच्या पार कडेला जाऊन उभी राहिली.

उजेड सरता सरता नाथाची बोट दिसली. तिच्यामागे दोरखंडाला बांधलेली दुसरी होती, एका बाजूला कललेली. इंजिन बंद पडून ती दुपारपासून खडकांकडे वाहत चालली होती. सेबॅस्टियनला खांद्याला धरून उतरवलं. तो थंडीने लटपटत होता, पण चालत होता. शिवाला उचलून आणावं लागलं. नांगराच्या दोरात त्याचा हात चिरडला होता, आणि तो शुद्धीवर नव्हता. रिक्षा थेट धक्क्यावर आली, काका त्याला घेऊन दवाखान्याकडे गेले.

रसिका पुढे झाली. "आंटी, मी... मी उद्याच ते बदलते. सगळं पुन्हा मांडते."

फ्लेव्हिया आंटी नवऱ्याला गोधडीत गुंडाळत होती. तिने मान वळवली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर रसिकाला बरं वाटलं असतं.

"तो दर्यावर असताना मी दुपारची कधी आडवी झाले न्हाय, बाय. सगळ्या संसारात न्हाय. आज तुझं हिरवं बघितलं आणि झोपले."