काळुरामची बिनविरोध निवड

"तू कमिटीत हायस, प्रविण."

"मी?" बाइकला किक मारता मारता प्रविणचा पाय थांबला. "कवापासून?"

"तुझा बाप गेला तवापासून. त्याच्या जागी तुला घेतला. सही नाय का केलीस, या ओटीवरच?"

"काका, तुम्ही सांगाल तिथं आम्ही सही करतो. कसली, ते कुठं इचारतो?" प्रविण हसला. त्याच्या हसण्यात खोडी नव्हती, काकांवरचा विश्वासच होता. "फर्स्ट शिफ्ट हाय ओ. हायवेवरून रोह्याची बस सुटली तर माझा खाडा पडंल. तुम्ही बघा ना जरा."

बाइक गेली. गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला काळुराम तिच्या धुराकडे बघत उभा राहिला. सकाळी उठून तिसऱ्या घरी हेच झालं होतं.

काळुराम म्हणजे गावाच्या बांध कमिटीचा अध्यक्ष. बांधाच्या एका बाजूला धरमतरच्या खाडीचं खारं पाणी आणि दुसऱ्या बाजूला गावाचं भात. मध्ये पुरुषभर उंचीची मातीची भिंत, तीही पूर्वजांनी हातांनी रचलेली. खेकडे तिला बिळं पाडतात, पाणी तिला चाटत राहतं. म्हणून कमिटीचा एकच नियम होता: बांधाच्या आत ज्याचं शेत, त्याच्या घरातून एक माणूस बांधाच्या कामाला.

आज पहाटे ओहोटीला काळुराम नेहमीप्रमाणे बांधावर फिरायला गेला, तेव्हा उघाडीच्या, म्हणजे शेतातलं जादा पाणी खाडीत सोडायच्या दरवाजाजवळ त्याला भोक दिसलं. हात घातला तर खांद्यापर्यंत आत गेला. आज सर्वपित्री अमावस्या, म्हणजे दुपारी उधाणाची भरती. तोवर पंधरा-वीस माणसं आली तर पेंढा आणि चिखल कोंबून भोक बुजवता आलं असतं. नाही आली, तर बांधाला खांड पडणार आणि भातात खारं पाणी शिरणार. एकदा ते शिरलं की तीन वर्षं जमीन काही देत नाही. आणि भात तर लोंब्यांवर आलेलं.

काळुरामच्या आधी जे अध्यक्ष होते, ते भांडकुदळ गृहस्थ होते. त्यांच्या काळात सभेत आरडाओरडा व्हायचा, एकमेकांची उणीदुणी निघायची, एकदा तर चपलाही उडाल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा गाव बांधावर हजर. कारण जो यायचा नाही, त्याच्या दारात जाऊन ते चारचौघांत त्याचा उद्धार करायचे. काळुरामला हे आवडत नसे. तो अध्यक्ष झाला आणि गावात शांतता नांदू लागली. कोणाची शिफ्ट असायची, कोणाच्या मुलाची परीक्षा. काळुराम म्हणायचा, "असू दे, मी बघतो." मग तो आणि त्याची बायको बायजाबाई घमेलं घेऊन जायची आणि भोक बुजवून यायची. वार्षिक सभेत भांडणं नकोत म्हणून त्याने सभाच घरोघर नेली. प्रत्येकाच्या ओटीवर बसायचं, चहा घ्यायचा, सही घ्यायची. असा देवमाणूस अध्यक्ष पंचक्रोशीत नाही, असं लोक म्हणायचे. वीस वर्षं म्हणत होते.

गेल्या वर्षी त्याच्या छातीत दोन स्टेंट बसवल्या. डॉक्टर म्हणाले, ओझं उचलायचं नाही. बायजाबाई म्हणाली, "आता तरी दुसऱ्या कोणाच्या गळ्यात घाला." तो तसं सांगायला गावात गेला आणि "काका, तुमच्याशिवाय हाय कोण?" हे सगळ्यांकडून ऐकून परत आला. खरं सांगायचं तर मनातून सुखावूनच आला.

प्रविणच्या दारातून काळुराम मिथुनकडे गेला. मिथुन कमिटीचा उपाध्यक्ष. त्याचा गणपतीचा कारखाना. गणपती होऊन गेल्यामुळे अंगणात रिकामे साचे उपडे पडले होते आणि घरातून वडे तळल्याचा वास येत होता.

"माणसं कशाला, काका? जेसीबी सांगतो ना!"

"जेसीबी बांधावर चढला तर बांधच बसंल खाली. वला चिखल हाय नुसता. हातानीच करायला लागंल."

"मग असं करू. नैवेद्य दाखवतो, कावळ्याला पान ठेवतो आणि दुपारी येतो. चार पोरांना पण आणतो."

"दुपारी पाणी येतंय, मिथुन."

"पाणी तर दर अमावस्येला येतंय. आजवर कधी काय झालं? तुम्ही हाव ना." मिथुनने आत बघून हाक मारली, "मृणाली, काकांना चहा दे गो."

बांधाला भोक पडलेलं, भरती चढत असलेली, आणि काळुरामने तो चहा घेतला. नको म्हणून उठून जाणं त्याच्याने झालं नाही.

बांधावर तो परत आला तेव्हा बायजाबाईने पेंढा आणून टाकला होता. तिच्या शेजारी धोंडुबाई उभी होती, घरचं घमेलं घेऊन. धोंडुबाईला नवरा नाही, मूल नाही. बांधाच्या आतलं एक शेत, तेवढंच तिचं वर्षाचं भात. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

"बाकीचे?" तिने विचारलं.

"येतात," काळुराम म्हणाला.

तिघांनी काम सुरू केलं. बायका चिखल खणून द्यायच्या, काळुराम तो भोकात कोंबायचा. बायजाबाई दर घमेल्याला ओरडत होती, "उचलू नका ओ, तुम्ही उचलू नका!" तो उचलत होता. माथ्यावर ऊन आलं आणि खाडीचं पाणी बांधाशी येऊन लागलं. आधी पेंढा ओला झाला, मग हलायला लागला. काळुरामने त्याला पाठ लावली आणि पाय रोवले. गावातून कावळ्यांना घातलेली साद ऐकू येत होती.

"सोडा आता!" म्हणत बायजाबाईने त्याला दंडाला धरून ओढलं, तेवढ्यात तो उभा होता तिथली माती बसली.

खांड बघता बघता खोलीएवढी झाली. पाणी मोठा आवाज करत शेतात शिरलं. काळुराम बांधावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. बांध फुटल्याचं दुःख तर होतंच. पण वीस वर्षं आपण नुसती माती सांभाळली आणि माणसांची बांधावर यायची सवय आपल्याच हातांनी मोडली, हे त्याला आज कळलं होतं. रागावायला समोर कोणी नव्हतं. असतं, तरी कोणत्या तोंडाने रागावणार?

संध्याकाळी ओहोटी लागली आणि गाव बांधावर आला.

शिफ्टवरून आलेला प्रविण आला, मिथुन आला, पोरं आली, म्हातारे आले. सगळे जाळी घेऊन आले होते. शेतात शिरलेलं पाणी आता खांडीतून परत निघालं होतं आणि त्याच्याबरोबर मासळी. एकाने खांडीच्या तोंडाला जाळं लावलं, दुसऱ्याने पागाचं जाळं फेकलं. कोलंबी निघाली, बोय निघाली. हाताएवढा जिताडा निघाला तेव्हा एकच ओरडा झाला. भाताबद्दल हळहळले सगळेच, खोटं कशाला बोला. पण कंपनीचा पगार असलेल्या घराला तांदूळ दुकानातही मिळतो.

प्रविणने तो जिताडा शेपटीला धरून काळुरामच्या पुढे केला. "पयला मान अध्यक्षांचा!"

काळुरामने तो घेतला. मग म्हणाला, "आज सगळी हाव, तर इथंच ठरवा. मला अध्यक्ष ऱ्हायचं नाय. दुसरं कोणीतरी घ्या."

मिथुनने हातातलं जाळं खाली ठेवलं.

"काका, रागावलाव तुम्ही," मिथुन म्हणाला. "चुकलंच आमचं. पण आता पंचनामा होणार, भरपाईसाठी पेणला फेऱ्या माराव्या लागणार. तुमच्याबिगर कोण करंल? काय रं, हरकत हाय का कोणाची?"

कोणाचीच नव्हती. ओल्या हातांच्या टाळ्या झाल्या. बांध कमिटीची इतकी भरलेली सभा वीस वर्षांत झाली नव्हती, आणि ती एकमताने पार पडली. काळुरामने आणखी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण खांडीवर दुसरा जिताडा लागला होता आणि सगळे तिकडे धावले.

दिवेलागणीला बांध रिकामा झाला. काळुराम मासा हातात धरून शेताकडे बघत होता. भात पाण्यात उभं होतं, हिरवंगार. परक्या माणसाला वाटलं असतं, यंदा पीक चांगलं आहे. धोंडुबाई आपल्या शेतात पोटरीभर पाण्यात उभी होती.

"काळुभाऊ," तिने हाक मारली. "पान बघ ना, हिरवंच हाय अजून. वाचंल ना?"

काळुरामने मासा बांधावर ठेवला आणि पाण्यात उतरून तिच्याजवळ गेला.

"नाय गो," तो म्हणाला. "नाय वाचायचं."

धोंडुबाईने मान हलवली. मग पदर खोचून ती वाकली आणि लोंब्यांवर अडकलेला खाडीचा कचरा एकेक करून वेचू लागली.