अठरा आडवे दाणे

“हे काप कुणी काढलेत?” मायक्रोस्कोपवरून डोळा न उचलता मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

“मीच. एकतीस वर्षं मीच काढतेय.”

आतड्यातून काढलेला, तांदळाच्या दाण्याएवढा पॉलिप, म्हणजे मांसाचा कोंब, मेणाच्या वडीत बसवायचा आणि त्याचे कांद्याच्या पापुद्र्याला लाजवतील असे काप काचेवर घ्यायचे, हे त्या बाईंचं काम. म्हणून सगळे त्यांना मेणताई म्हणत. त्या काचा बघून मोठे डॉक्टर, डॉक्टरीणबाई आणि नवे डॉक्टर असे तिघे ठरवत, हा पॉलिप गरीब बिचारा की पुढेमागे कर्करोगाच्या वाटेला लागणारा.

त्या आठवड्यात तिघांची परीक्षा झाली. चाळीस काचा, प्रत्येकाने वेगळ्या खोलीत बसून बघायच्या. बावीस काचांवर एकमत झालं, अठरांवर ज्याची त्याची वेगळी चूल. शिवाय त्यातलीच एक काच मुद्दाम पुन्हा दिली होती. तिच्यावर मोठे डॉक्टर स्वतःशीच असहमत झाले.

इतकी शोभा झाल्यावर गुन्हेगार लागतोच, आणि तो सर्वांत खालच्या स्टुलावर सापडतो.

“काप धड नाहीत, असा अहवाल देतोय मी,” मोठे डॉक्टर म्हणाले.

मेणताईंच्या निवृत्तीला तीन आठवडे होते. एकतीस वर्षांच्या हातावर शेवटी हा शेरा! त्यांनी अठराही वड्या उजेडात धरून पाहिल्या.

“काप चांगलेत, डॉक्टर. दाणे आडवे झोपलेत. काप नुसते शेंड्यांतून गेलेत, मुळं कशी दिसणार? आणि पारख तर मुळावरच!”

“मग आडवे बसवलेत कशाला?”

“दोन वर्षांपूर्वी तुम्हीच म्हणालात, चिमट्याने एकेक उभा करत बसू नका, वेळ जातो. माझं चुकलं एवढंच, की मी ऐकलं.”

शेजारच्या टेबलावरच्या डॉक्टरीणबाईंना एकाएकी खोकला आला.

“एक दिवस द्या. मेण वितळवून परत उभे करते.”

“त्यात एखादा हरवला तर?”

“तर लिहा खुशाल. पण हरवणार नाही. ज्या पेशंटचा आहे, त्याच्याकडे दुसरा नाहीये.”

मेणताईंनी पंखा बंद केला. श्वास रोखून, भिंग लावून, अठराही दाणे मेण थिजेपर्यंत चिमट्यात उभे धरले. नव्या काचा, नवे नंबर, तिघे पुन्हा आपापल्या खोलीत.

सतरांवर एकमत! अठराव्यावर डॉक्टरीणबाई आणि नवे डॉक्टर चहा गार होईपर्यंत भांडले. तेवढं हवंच, नाहीतर तिघेजण ठेवायचे कशाला?

अहवाल फाडला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर मेणाच्या टेबलापाशी येऊन घुटमळले.

“ताई, तुम्ही गेल्यावर कुणाला तरी हे यायला हवं. दाखवता का?”

मेणताईंनी उठून त्यांना आपलं स्टूल दिलं. सरावाला स्पंजाचा एक कण दिला. डॉक्टरांनी तो चिमट्यात धरला, जीभ दाताखाली घेतली. कण लवंडला.

“पडला.”

“परत,” मेणताई म्हणाल्या.

मोठ्या डॉक्टरांनी निमूटपणे चिमटा उचलला.